हिशेबाचा नियम कुठे लिहिला आहे?

उन्हाळा लागला की हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग दिसू लागतात. उकळून, वाळवून, पॉलिश केलेली कांडी आणि गट्टू वेगवेगळे ओतले जातात, लिलाव पुकारला जातो, माप होते, आणि दिवस मावळण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती एक लहानसा कागद पडतो. त्याला आपण हिशेबपट्टी म्हणतो. वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, इतर वजावट आणि शेवटी हाती येणारी रक्कम, एवढाच तिचा मजकूर. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने तो आठ-नऊ महिन्यांच्या कष्टांचा निकाल असतो, आणि आपल्या दृष्टीने पेढीच्या नावाचा.

ही पट्टी पूर्वी मुनीमजी हाताने लिहीत. पोत्यामागे हमाली किती, तोलाई किती, किलोचा अपूर्णांक धरायचा की सोडायचा, पैसे पूर्ण रुपयात कसे आणायचे, हे नियम त्यांना तोंडपाठ असत आणि पुष्कळ पेढ्यांत ते चोपडीच्या आरंभीच्या पानांवर नोंदलेलेही असत. शंका आली तर मालक पान उलटून पाहू शकत असे. आता पट्टी संगणक छापतो. त्याला हा नियम कोणी सांगितला आणि तो नेमका कुठे लिहिलेला आहे, असे विचारले तर ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असे उत्तर मिळते. ‘हिशेब वहीत आहे’ असे म्हणण्याइतकेच ते मोघम आहे. कोणत्या वहीत? कोणत्या पानावर? ते पान मालकाला वाचता येते काय? या महिन्याच्या सदरात या प्रश्नाचा, थोडा तांत्रिक वाटला तरी, नीट विचार करू.

नियमाच्या चार जागा

व्यापारी सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाचा नियम साधारणपणे चार ठिकाणी असू शकतो. पहिली जागा म्हणजे आपण माहिती भरतो तो पडदा, अर्थात त्यामागचा मूळ प्रोग्रॅम. दुसरी म्हणजे छापील नमुना. कधीकधी बेरीज-वजाबाकी छापतानाच होते. तिसरी म्हणजे दरांचा तक्ता, ज्याला संगणकवाले टेबल म्हणतात. चौथी जागा सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. ती म्हणजे डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेले फंक्शन.

डेटाबेस हा आपल्या सर्व नोंदींचा कोठार असतो, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यात खातेदारांचा तक्ता, मालाचा तक्ता, पावत्यांचा तक्ता असे अनेक तक्ते परस्परांशी संबंध राखून असतात. अशा डेटाबेसला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. परंतु या कोठारात केवळ नोंदीच नसतात, नियमही ठेवता येतात. वजन, भाव आणि पोत्यांची संख्या आत द्या, निव्वळ देय रक्कम बाहेर येईल, अशी एक कृती नाव देऊन तेथे कायमची लिहून ठेवता येते. हेच साठवलेले फंक्शन. त्याचे भावंड म्हणजे साठवलेली प्रोसीजर. फंक्शन एक उत्तर परत देते, तर प्रोसीजर प्रामुख्याने एखादे काम पार पाडते, असा ढोबळ फरक सांगता येईल.

ही सोय चांगलीच आहे. पट्टी पडद्यावर पाहा, छापा किंवा मोबाइलवर मागवा, नियम एकच राहतो. सायबेस कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेल्या डेटाबेसमध्ये साठवलेल्या प्रोसीजर होत्या. ऑरॅकलच्या सातव्या आवृत्तीत, १९९२ मध्ये, त्या आल्या. मायएसक्यूएलमध्ये त्या २००५ च्या पाचव्या आवृत्तीपासून मिळू लागल्या. आडत, किराणा, औषधे किंवा कापड यांसाठी स्थानिक संगणक-व्यावसायिकांनी तयार केलेली जी सॉफ्टवेअरे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर, मायएसक्यूएलवर किंवा पोस्टग्रेसक्यूएलवर चालतात, त्यांच्यात अशी फंक्शने असण्याचा संभव मोठा. टॅलीची गोष्ट निराळी. तिची माहिती तिच्या स्वतःच्या रचनेत साठवली जाते, त्यामुळे पुढील विवेचन तिला लागू होत नाही.

सोय जेवढी मोठी, तेवढाच तिचा दोषही लक्षात ठेवावा. फंक्शन पडद्यावर दिसत नाही. ज्याने लिहिले तो तंत्रज्ञ दुसऱ्या गावी गेला, मुनीमजी निवृत्त झाले, भावाभावांत व्यवसायाची वाटणी झाली, तरी फंक्शन आपले काम करीत राहते. नियम चालू असतो आणि नियम जाणणारा कोणीच उरत नाही.

एका शब्दाची किंमत

हे केवळ संगणकतज्ज्ञांचे दुखणे नाही, हे पटण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याची हळद १,२३७ किलो भरली, म्हणजे १२ क्विंटल ३७ किलो. भाव १३,४५० रुपये क्विंटल. पूर्ण वजनाने रक्कम होते १,६६,३७६ रुपये ५० पैसे.

आता समजा, फंक्शन लिहिणाऱ्याने वजन क्विंटलच्या एका दशांश स्थळापर्यंतच धरायचे ठरवले. त्याने जवळच्या अंकाकडे पूर्णांकन केले, तर वजन १२.४ क्विंटल धरले जाईल आणि रक्कम १,६६,७८० रुपये होईल. शेतकऱ्याला ४०३ रुपये ५० पैसे अधिक मिळतील. परंतु पूर्णांकन न करता खालचा अंक नुसता छाटला, तर वजन १२.३ धरले जाईल, रक्कम १,६५,४३५ होईल आणि शेतकऱ्याचे ९४१ रुपये ५० पैसे कमी होतील. दोन्हींत चूक दिसते, पण त्यांचा स्वभाव भिन्न आहे. पूर्णांकनात कधी शेतकऱ्याचा लाभ, कधी पेढीचा. वर्षभरात ते बरेचसे समतोल होते. छाटण्यात मात्र शेतकऱ्याला लाभ कधीच नाही. शेवटचा किलोचा अंक ० ते ९ यांपैकी कोणताही सारख्याच शक्यतेने येतो असे धरले, तर दर मापामागे सरासरी साडेचार किलो, म्हणजे वरील भावाने ६०५ रुपये २५ पैसे, एकाच बाजूला सरकत राहतात. मालकाच्या मनात असे काही नसेल. पण हंगामाअखेर शेकडो पट्ट्यांची बेरीज केली तर ती रक्कम कोणाच्या हेतूची वाट पाहत नाही. फंक्शनमध्ये ‘राउंड’ हा शब्द होता की ‘फ्लोअर’, एवढ्यावर सारे ठरते.

दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे. किलोचे क्विंटल करण्यासाठी फंक्शनमध्ये ‘वजन भागिले शंभर’ अशी एक ओळ असते. तिच्याविषयी कोणाला शंका येणार? पण वजन पूर्णांक म्हणून साठवलेले असेल, तर एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसक्यूएल यांमध्ये १,२३७ भागिले १०० याचे उत्तर १२ येते; अपूर्णांक टाकून दिला जातो. मायएसक्यूएल आणि ऑरॅकल यांमध्ये त्याच ओळीचे उत्तर १२.३७ येते. म्हणजे एका डेटाबेसवर वर्षानुवर्षे बिनचूक चाललेले फंक्शन दुसऱ्या डेटाबेसवर जसेच्या तसे नेले, तर ३७ किलोंचे ४,९७६ रुपये ५० पैसे पट्टीतून नाहीसे होतील, आणि संगणक चुकीचा एकही संदेश दाखवणार नाही. सॉफ्टवेअर बदलणाऱ्या प्रत्येक पेढीने ही एक गोष्ट तरी अवश्य पडताळावी.

वहीची अनुक्रमणिका

मग हे फंक्शन शोधायचे कसे? येथे एक समाधानाची बाब आहे. रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये आयबीएमच्या संशोधनशाळेत काम करीत असताना मांडली. पुढे १९८५ मध्ये त्याने खऱ्या रिलेशनल डेटाबेसच्या कसोट्या म्हणून बारा नियम सांगितले. त्यांतील चौथा नियम आपल्या उपयोगाचा आहे. डेटाबेसमध्ये काय काय आहे याचे वर्णनसुद्धा डेटाबेसमध्येच, इतर नोंदींसारख्याच तक्त्यांत असावे, आणि ज्या भाषेत नोंदी विचारतो त्याच भाषेत ते वर्णनही विचारता यावे, असा त्याचा आशय. थोडक्यात, प्रत्येक चोपडीला स्वतःची अनुक्रमणिका हवी आणि ती अनुक्रमणिका मालकाला वाचता यावी.

या अनुक्रमणिकेला कॅटलॉग म्हणतात. तिचे एक सर्वमान्य रूप १९९२ च्या एसक्यूएल मानकात आले. त्याचे नाव ‘इन्फर्मेशन स्कीमा’. फंक्शने आणि प्रोसीजर यांची यादी तिच्या ‘रूटीन्स’ नावाच्या तक्त्यात असते. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल या तिघांतही हा तक्ता आहे. ऑरॅकलने मात्र आपली वेगळी पद्धत ठेवली आहे. पुढे येणारे आज्ञाशब्द येथे उच्चारानुसार दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीतच लिहावे लागतात. घरातील संगणक शिकलेली मुलगी, मुलगा किंवा सूनबाई ते लगेच ओळखतील.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर सर्वांत सोपा मार्ग ‘मॅनेजमेंट स्टुडिओ’ या खिडकीतून आहे. आपल्या डेटाबेसच्या नावाखाली ‘प्रोग्रॅमेबिलिटी’ आणि त्याखाली ‘फंक्शन्स’ हा कप्पा उघडला की सर्व नावे समोर येतात. एकेकाचा मजकूर ‘एसपी हेल्पटेक्स्ट’ या आज्ञेने वाचता येतो. सर्व फंक्शनांच्या मजकुरात एखादा शब्द शोधायचा असेल, तर ‘सिस’ या विभागातील ‘एसक्यूएल मॉड्यूल्स’ या तक्त्यात शोधावा. ‘रूटीन्स’ तक्त्यात शोधू नये. कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो मजकुराची पहिली ४,००० अक्षरेच दाखवतो. लांब फंक्शनच्या शेवटी दडलेला नियम त्यात सापडणार नाही, आणि ‘शोधले, नाही मिळाले’ असा खोटा दिलासा मात्र मिळेल.

मायएसक्यूएलमध्ये ‘शो फंक्शन स्टेटस’ या आज्ञेने यादी मिळते आणि ‘शो क्रिएट फंक्शन’ याने एकेकाचा पूर्ण मजकूर. मजकुराच्या जागी ‘नल’ हा शब्द दिसला तर फंक्शन रिकामे आहे असे समजू नये. पाहणाऱ्याला तो मजकूर वाचण्याचा अधिकार दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये ‘बॅकस्लॅश डीएफ’ या छोट्या खुणेने यादी येते आणि ‘बॅकस्लॅश एसएफ’ पुढे नाव दिले की मजकूर येतो. मूळ नोंद ‘पीजी प्रॉक’ या तक्त्यात असते. येथे एक गोष्ट विशेष जपावी. या डेटाबेसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शने असू शकतात. आत कोणत्या प्रकारची माहिती द्यायची, यावरून डेटाबेस त्यांतील एकाची निवड करतो. शिवाय वेगवेगळ्या स्कीमांमध्ये, म्हणजे कोठाराच्या वेगवेगळ्या खोल्यांमध्ये, तेच नाव पुन्हा असू शकते. म्हणून नाव सापडल्यावर तेथेच थांबू नये. त्या नावाची किती आहेत आणि आपली पट्टी त्यांतील कोणते वापरते, हे पाहावे. एकाच नावाचे दोन खातेदार असले की आपण वडिलांचे नाव आणि गाव पाहतो, तसेच हे.

ऑरॅकलमध्ये ‘यूजर सोर्स’ या तक्त्यात फंक्शनचा मजकूर ओळीओळीने, क्रमांकासह ठेवलेला असतो. नावे तेथे सर्वसाधारणपणे मोठ्या रोमन अक्षरांत साठवली जातात, हे शोधताना लक्षात ठेवले नाही तर असलेले फंक्शनही नाही असे वाटते.

वाचताना काय पाहावे

फंक्शन सापडले म्हणजे निम्मे काम झाले. ते वाचण्यासाठी प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही; हिशेब कळणारा आणि इंग्रजी वाचणारा माणूस शेजारी एखाद्या जाणकाराला बसवून ते वाचू शकतो. पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे आत काय जाते आणि बाहेर काय येते. वजन किलोत जाते की क्विंटलमध्ये? उत्तर पूर्णांकात येते की पैशांसह?

दुसरी गोष्ट म्हणजे मजकुरात थेट लिहिलेले आकडे. करांचे दर बदलतात, मुदती संपतात. विक्रेत्याने खरेदीदाराकडून ५० लाखांवरील विक्रीच्या रकमेवर ०.१ टक्का टीसीएस घेण्याची आयकर कायद्यातील तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी संपले. तूप आणि सुकामेवा ५ टक्क्यांत, सिमेंट १८ टक्क्यांत आले. असे दर दराच्या तक्त्यात असतील तर तेथे बदलले की काम झाले. फंक्शनच्या पोटात लिहिलेले असतील, तर तक्ता बदलूनही पावतीवर जुनाच दर छापला जाऊ शकतो. उलट, फंक्शनमधील जुना आकडा पुसून नवा लिहिला आणि पावतीची रक्कम वेगळी साठवलेली नसेल, तर मागील वर्षाची पावती पुन्हा छापताना तिच्यावर या वर्षाचा दर येईल. म्हणून चांगली पद्धत अशी की दर तक्त्यात असावा, त्याच्यापुढे ‘या तारखेपासून’ असा रकाना असावा, आणि एकदा दिलेल्या पावतीवरील रक्कम कायमची नोंदून ठेवावी.

तिसरी गोष्ट म्हणजे पूर्णांकन आणि भागाकार. त्यांचा विचार वर केलाच आहे.

चौथी गोष्ट म्हणजे फंक्शन कोणाच्या अधिकाराने चालते. काही फंक्शने ती वापरणाऱ्याच्या अधिकाराने चालतात, तर काही तयार करणाऱ्याच्या अधिकाराने. मायएसक्यूएलमध्ये वेगळे सांगितले नाही तर तयार करणाऱ्याचा अधिकार लागू होतो, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये वापरणाऱ्याचा. दुकान सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने तयार झालेले फंक्शन अजून त्याच्याच अधिकाराने चालत असेल, तर ते मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

पाचवी गोष्ट म्हणजे ते शेवटचे कधी बदलले. एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि ऑरॅकल यांच्या कॅटलॉगमध्ये बदलाची तारीख मिळते. पोस्टग्रेसक्यूएलच्या कॅटलॉगमध्ये अशी तारीख ठेवलेली नसते. तेथे आपणच नोंद ठेवावी लागते. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांच्या हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे, असे बंधन १ एप्रिल २०२३ पासून आहे. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या पेढीला ते बंधन नसले, तरी त्यामागचा विचार आपल्यालाही उपयोगी आहे. नोंद बदलली तर ती कोणी बदलली हे आपण विचारतो. नियम बदलला तर तो कोणी बदलला, हे त्याहून आधी विचारायला हवे.

कुलूपबंद मजकूर आणि हरवलेला मजकूर

काही वेळा फंक्शनचे नाव दिसते, पण मजकूर दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फंक्शन तयार करतानाच तो झाकून ठेवण्याची सोय आहे. ऑरॅकलमध्ये ‘रॅप’ करण्याची पद्धत आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आपल्या श्रमाचे रक्षण करावेसे वाटते, यात गैर काही नाही. झाकलेले उघडण्याच्या क्लृप्त्या शोधू नयेत. करारनामा पाहावा आणि विक्रेत्याला लेखी विचारावे. मूळ प्रोग्रॅम त्याचा असेल, परंतु पट्टी आपल्या पेढीच्या नावाने निघते. वजावट कोणत्या सूत्राने होते, हे त्याच्याकडून मराठीत, सहीसह लिहून मागण्याचा आग्रह धरणे रास्त आहे. नवे सॉफ्टवेअर घेताना तर हे कलम करारातच घालावे.

याहून मोठा धोका बॅकअपचा आहे. मायएसक्यूएलची प्रत काढण्यासाठी ‘मायएसक्यूएल डंप’ हे साधन सर्रास वापरले जाते. त्याला ‘रूटीन्स’ हा पर्याय स्पष्टपणे सांगितला नाही, तर ते तक्ते आणि नोंदी उचलते, पण साठवलेली फंक्शने आणि प्रोसीजर मागेच ठेवते. पोस्टग्रेसक्यूएलची संपूर्ण प्रत काढली तर फंक्शने तिच्यात येतात, पण निवडक तक्त्यांचीच प्रत काढली तर येत नाहीत. रोज रात्री प्रत निघते म्हणून निश्चिंत असलेल्या पेढीचा संगणक एखाद्या दिवशी जळाला, तर दुसऱ्या दिवशी सर्व खाती परत मिळतील आणि त्यांचा हिशेब करणारे नियम मात्र मिळणार नाहीत. म्हणून वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून, तेथील फंक्शनांची यादी मूळ यादीशी ताडून पाहावी.

पाहणी करताना काही पथ्ये पाळावीत. पाहणाऱ्याला केवळ वाचण्याचा अधिकार असलेले खाते द्यावे. ‘अल्टर’ आणि ‘ड्रॉप’ या आज्ञांना हातही लावू नये. फंक्शन चालवून पाहायचे असेल तर ते चालू डेटाबेसवर न चालवता प्रतीवर चालवावे. एसक्यूएल सर्व्हरमधील फंक्शनला तक्त्यांतील नोंदी बदलता येत नाहीत, परंतु पोस्टग्रेसक्यूएल आणि मायएसक्यूएलमधील फंक्शन नोंदी बदलू शकते. ‘नुसते करून पाहिले’ म्हणता म्हणता हंगामाच्या नोंदींत फरक पडायला नको.

पवईतील एक धागा

साठवलेल्या फंक्शनांचा मजकूर उघडून वाचणे ही जशी व्यापाऱ्याची गरज आहे, तशीच ती संशोधनाचीही आहे. आणि त्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या महाराष्ट्रातून जातो. मुंबईत पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक एस. सुदर्शन हे डेटाबेस या विषयावरील जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. डेटाबेसमधील फंक्शने सोयीची असली तरी फार मंद चालतात, ही जुनी तक्रार होती. लाखभर नोंदी असल्या तर डेटाबेस तेच फंक्शन लाख वेळा, एकेक करून चालवीत असे. सुदर्शन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या कार्तिक रामचंद्र यांनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये सहकाऱ्यांसह यावर ‘फ्रॉइड’ नावाची पद्धत विकसित केली. तिच्यावरील शोधनिबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फंक्शनचा मजकूर डेटाबेसने स्वतःच वाचायचा, त्यातील पायऱ्या मूळ प्रश्नात मिसळायच्या आणि सर्व नोंदींचा एकत्रित विचार करायचा, असे तिचे सूत्र. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत ही सोय आली. एखादे फंक्शन असे मिसळण्याजोगे आहे की नाही, याचा एक रकानाही त्याच ‘एसक्यूएल मॉड्यूल्स’ तक्त्यात आहे. नियम उघडून वाचता आला म्हणजेच त्यात सुधारणा करता येते, हे तत्त्व पेढीला जसे लागू आहे तसे डेटाबेसलाही.

नियमवही

परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून येथील हळदीचे नाव वाढतच गेले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असे मानांकन मालाच्या गुणाची साक्ष देते. मापाची आणि पट्टीची साक्ष मात्र प्रत्येक पेढीला स्वतःच द्यावी लागते. शेतकऱ्याने पट्टीवर बोट ठेवून ‘ही वजावट कशी आली?’ असे विचारले, तर ‘संगणकाने काढली’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणाकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे बाजार समितीच्या उपविधींनी व कायद्याने ठरते. त्या नियमाप्रमाणेच आपला संगणक चालतो, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक पेढीने एक नियमवही ठेवावी, असे सुचवावेसे वाटते. तिच्यात प्रत्येक फंक्शनचे नाव, ते काय करते याचे दोन ओळींत मराठी वर्णन, त्यातील दर, ते कोणी आणि कोणत्या तारखेला बदलले, आणि हाताने सोडवून ताडून पाहिलेले एक उदाहरण, एवढी माहिती असावी. छापलेला मूळ मजकूर मागे जोडावा. दर वर्षी १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू करताना यादी पुन्हा काढावी आणि मागील वर्षाच्या यादीशी ताडावी. यादीत नवे नाव आले असेल तर ते का आले, जुने गेले असेल तर ते का गेले, हे विचारावे. साध्या पेढीत हे काम एका दिवसाचे आहे.

हे काम घरातील तरुण पिढीवर सोपवावे. ज्या मुलामुलींना दुकानाच्या गादीवर बसण्याची आवड नाही, त्यांना आपल्याच पेढीचे नियम संगणकातून शोधून काढण्यात रस वाटण्याचा संभव अधिक. आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक वजावटीमागचे कारण सांगावे. किलोचा अपूर्णांक का सोडू नये, हमालीचा दर कोणाशी बोलून ठरतो, बुडीत वजन कशाला म्हणतात, हे कोणत्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेले नसते. फंक्शनचा मजकूर मुले वाचतील. त्याचा अर्थ योग्य आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी ज्येष्ठांचीच राहील.